जुना अधिकारी कायम

"पडला एकदाचा. आता पुढचं तुझं, ताई," धाकटा फोनवर म्हणाला आणि त्याने चहाचा घोट घेतल्याचा आवाज आला.

ताईने चष्मा पुसून संगणकाकडे पाहिलं. नकाशावरचा नदीकाठचा प्रांत त्यांच्या राज्याच्या रंगाचा झाला होता आणि मधोमध नेहमीची चौकट उघडली होती. जिंकलेल्या प्रांताचा कारभार कसा चालवाल? खाली तीन पर्याय. जुना अधिकारी कायम. आपला अधिकारी. लष्करी अंमल. प्रत्येकापुढे दोन आकडे : धान्य किती येईल आणि असंतोष किती वाढेल.

गेली अकरा वर्षं दर रविवारी सकाळी ही दोघं भावंडं दोन शहरांतून हा एकच खेळ खेळत होती. वाटणी ठरलेली होती. लढाया त्याच्या, कारभार तिचा. प्रांत जिंकून झाला की त्याचा त्यातला रस संपे. विहिरी, कोठारं, रस्ते यांचा त्याला कंटाळा यायचा. तिला नेमकं तेच आवडे. पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत ती रसायनतज्ज्ञ होती. सहा काचपात्रांत गढूळ पाणी घ्यायचं, प्रत्येकात तुरटी थोडी थोडी वाढवत न्यायची आणि गाळ कुठे नीट बसतो ते बघायचं, हे काम ती सव्वीस वर्षं करत आली होती. कमीत कमी तुरटीत पाणी निवळलं की तिला बरं वाटायचं.

तिने पहिला पर्याय निवडला.

"परत तेच. तू सगळीकडे शत्रूचीच माणसं ठेवतेस. उद्या उलटतील."

"अकरा वर्षांत किती उलटले?"

"दोन."

"आणि तुझ्या हट्टाने नेमलेले?"

त्याने विषय बदलला आणि आई कशी आहे म्हणून विचारलं. ताईने सांगितलं की बुधवारी न्हाणीघरात तिचा पाय घसरला, पण मावशींनी वरच्या वर धरलं, लागलं काही नाही. हे सांगायला नको होतं, असं तिला सांगता सांगताच वाटलं.

मावशी म्हणजे आईजवळ दिवसभर राहणाऱ्या बाई. सहा वर्षांपूर्वी आईला पहिला झटका आला तेव्हापासून त्या यायच्या. आईची आठवण विरत गेली, माणसं अदलाबदल होऊ लागली, दोन वर्षांपूर्वी आणखी एक लहान झटका येऊन गेला, तरी 'आ करा, आजी' म्हणत मावशी भरवतील तेवढं आई निमूट खायची. त्या रविवारीही यायच्या. म्हणून तर रविवारचा खेळ बिनबोभाट चालायचा.

शुक्रवारी धाकटा आला आणि दोन दिवसांत त्याने घर सर केलं. न्हाणीघरात धरायला दांडे बसले, आईच्या खोलीत छताला कॅमेरा लागला. दोन्ही बाजूंनी उभं राहता यावं म्हणून आईची भिंतीला टेकलेली खाट शनिवारी रात्री, मावशी घरी गेल्यावर, खोलीच्या मधोमध आली. एजन्सीची शिकलेली नर्स सोमवारपासून ठरली. त्यातलं काहीच वाईट नव्हतं, हीच पंचाईत होती. मावशींचं वय झालंय, दुपारी त्यांना डुलकी लागते, उद्या काही झालं तर जबाबदार कोण, असं त्याने विचारलं. ताईकडे उत्तर होतं, पण ते आकड्यांत मांडता येत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर कॅमेऱ्यामुळे आई कामावरूनही दिसेल, हे तिलाही आवडलं होतं.

मावशींना सांगायचं तेवढं राहिलं. तुझं त्यांच्याशी चांगलं आहे, तूच बघ, असं म्हणून तो रविवारी सकाळीच गाडीत बसला.

मावशी आल्या तेव्हा ताईने त्यांना दारातच सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही. हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि एवढंच विचारलं, "उद्या एक दिवस येऊन नव्या बाईला दाखवून जाऊ का?"

"नको, मावशी. सगळं लिहून ठेवलंय."

मावशी दारातूनच परतल्या. ताईच्या रोजच्या वहीत लिहिलेलं होतंच. औषधं, वेळा, पाणी किती मिलिलिटर, भात किती ग्रॅम. ताईने त्याचा स्वच्छ छापील तक्ता करून भिंतीवर लावला.

नर्स हुशार होती, स्वच्छ होती, बोलायला गोड होती. पण तिच्या हातून आई खाईना. चमचा जवळ आला की दचकायची, हात झटकायची, ओठ घट्ट मिटून घ्यायची. ताईने त्याच स्टुलावर बसून भरवून पाहिलं, तरी तेच. दिवसाला चार-पाच चमचे जेमतेम पोटात जायचे. शनिवारी डॉक्टर येऊन गेले. सोमवारपर्यंत असंच राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल, म्हणाले, आणि आजी ती ओढून काढतील, तेव्हा हात बांधावे लागतील.

रविवारी सकाळी फोन आला. डोंगराकडचे दोन प्रांत पडून आहेत, असंतोष नव्वदवर गेलाय, तू आहेस कुठे? ताईने त्याला नळीचं सांगितलं. हात बांधण्याचंही सांगितलं.

"होतं गं असं," तो म्हणाला. "माणूस बदलला की असंतोष वाढतोच. पाच-सहा खेळ्यांत उतरतो."

ताईने फोन ठेवला. शेजारणीला आईजवळ बसवलं आणि चपला घातल्या.

मावशींना आठवड्याच्या आतच दुसरं काम मिळालं होतं, दोन गल्ल्या सोडून, तिसऱ्या मजल्यावर. त्यांनीच दार उघडलं. आत खुर्चीत एक वाळलेले आजोबा बसले होते, गळ्याशी टॉवेल खोचलेला. ताई जिन्यात जुळवलेली वाक्यं सगळी विसरली आणि एकदम म्हणाली, "परत या. माझं चुकलं."

मावशींनी मागे वळून खुर्चीकडे पाहिलं. "ह्यांनी काल पहिल्यांदा माझ्या हातून घास घेतला. मी गेले तर परत तोंड मिटतील. त्यांच्या सुनेने काय करायचं मग?"

ताई जिन्याकडे वळली तेव्हा मावशींनी हाक मारली.

"आजींची खाट कुठे आहे आता?"

"मधोमध."

"आणि ती पोरगी कुठे बसते भरवायला?"

"डावीकडे. तिथेच टेबल आहे."

"अहो, डावीकडचं त्यांना दिसत नाही. त्या लहान झटक्यापासून. चमचा असा हवेतून आल्यागत येतो, माणूस घाबरणार नाही का? म्हणून तर मी खाट भिंतीला लावली होती, डावी बाजू बंद करून."

"मला बोलला नाहीत कधी."

"बोलले होते, ताई." मावशींचा आवाज चढला नाही. "तुम्ही वहीत लिहून घेतलंत."

घरी येऊन तिने वही काढली. दोन वर्षांमागचं पान सापडायला वेळ लागला नाही, तिच्या वह्या नीट असत. पाणी अकराशे मिलिलिटर, शौच साफ, आणि त्याखाली तिच्याच टपोऱ्या अक्षरात : मावशी म्हणतात डावीकडून भरवू नये. पुढे कारण विचारलेलं नव्हतं. तारखेखाली तिची सही होती. छापील तक्ता करताना मोजता येईल तेवढंच तिने उचललं होतं.

नर्सला रविवारची सुट्टी होती. ताईने एकटीने खाट ढकलली. पाय फरशीवर कर्रकर्र वाजले, आईने डोळे मिटून घेतले. भिंतीला डावी बाजू टेकल्यावर ताईने टेबल इकडे आणलं, स्टूल घेतलं, मऊ भाताची वाटी घेतली आणि उजव्या बाजूला बसली. लगेच भरवलं नाही. आधी चमचा आईच्या नजरेत येईल असा धरून ठेवला.

आईने चमच्याकडे पाहिलं. मग तो धरणाऱ्या हाताकडे. तोंड उघडलं.

पहिला घास गेला, दुसरा गेला. ताईने मोजायचं नाही असं ठरवलं होतं, तरी अकरापर्यंत मोजले. बाराव्याला आईने पदराने ओठ पुसले आणि तिच्याकडे निवांत बघत म्हणाली,

"किती दिवसांनी आलीस गं. ताई गेली का कामावर?"

ताईने वाटीच्या कडेचा भात चमच्याने गोळा केला.

"गेली," ती म्हणाली. "आ करा, आजी."