डिकीत पडलेला मॅनिफोल्ड

मी एक जुना मॅनिफोल्ड आहे. मित्रांनो, नाव अवघड असलं तरी माझं काम सोपं होतं. मोटारीच्या इंजिनातून चार तोंडांनी बाहेर पडणारा जळता धूर मी गोळा करत असे आणि एकाच तोंडाने मागच्या नळीत सोडत असे. माझं अंग बिडाचं, जाड आणि ओबडधोबड आहे. इंजिनाच्या दुसऱ्या बाजूला माझा जुळा भाऊ हेच काम करायचा.

डेट्रॉइटजवळच्या एका कारखान्यात, वाळूच्या साच्यात आमचा जन्म झाला. पुढे दोन दारांच्या एका दणकट निळ्या गाडीत बसून आम्ही वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरात आलो. ड्यूई स्टिडम आमचा मालक. रोज सकाळी त्याची बायको आर्लीन ही गाडी घेऊन घाटापलीकडच्या दवाखान्यात कामाला जायची. बर्फ असो, चिखल असो, गाडी कुरकुर न करता चढायची. आर्लीन कधीकधी बॉनेटवर थाप मारून म्हणायची, "शहाणी आहेस."

शुक्रवारी संध्याकाळी मात्र आइस्क्रीमच्या दुकानासमोर गाड्या रांगेत लागत, बॉनेट उघडली जात आणि माणसं इंजिनांत डोकी घालत. तिथेच एकाने टोमणा मारला.

"ड्यूई, गाडी आणलीस की बायकोचं शिवणयंत्र?"

सगळे हसले. ड्यूईही हसला. पण घरी जाताना प्रत्येक चढावर त्याने उगाचच इंजिनाला जोर दिला.

पुढच्याच आठवड्यात गॅरेजमध्ये चकचकीत नळ्यांचा जुडगा येऊन पडला. आमच्या जागी बसायचा होता तो.

"प्रत्येक तोंडाला दोन इंची नळी, आणि मागे तीन इंची," ड्यूई म्हणाला. "आता बघ कशी गरजते!"

"गरजेल. पण चढेल का?" आर्लीनने विचारलं. "आपल्या घाटात इंजिन सावकाश फिरतं. एवढ्या रुंद नळीत धूर रेंगाळणार. मग इंजिनाची ओढ कमी होते. मॅनिफोल्ड राहू दे, मागे अडीच इंची नळी घाल. पुष्कळ झालं."

"तुला आवाजाचं सुख नाही कळायचं."

"मला वेळेवर कामाला पोहोचायचं सुख कळतं, बाबा."

तरी ड्यूईने आम्हाला काढून त्या नळ्या बसवल्या, तेव्हा आर्लीन वाकून म्हणाली, "या नळ्या खाली किती लोंबतायत ते बघ."

ड्यूईने जमिनीवर आडवं होऊन माप घेतलं. "चार बोटं जागा आहे! मांजर जाईल खालून."

माप बरोबर होतं. फक्त ते गॅरेजच्या सपाट फरशीवर, रिकाम्या गाडीचं घेतलेलं होतं.

एका शनिवारी जत्रेच्या मैदानावर जुन्या सुट्या भागांचा बाजार होता. आमचा अदलाबदलीत निकाल लावायचा म्हणून ड्यूईने आम्हा दोघांना डिकीत टाकलं. मागच्या सीटवर त्याची आई ओपल बसली. तिचे गुडघे दुखायचे, आणि मांडीवर सफरचंदाच्या मुरंब्याच्या बरण्यांचं खोकं होतं. आर्लीन पुढे बसली. गाडी मागून चांगलीच खचली होती.

वाटेत रेल्वेचे रूळ लागतात. तिथे फाटक नाही. वर्षानुवर्षं खडी घालून रूळ उंच झाले आहेत, आणि रस्ता तिथे उंटाच्या पाठीसारखा आहे. गाडी हळूच वर चढली आणि खालून खण्‌ असा आवाज आला. नळ्यांचा जोड रुळाला अडकला होता.

ड्यूईने जोर दिला. इंजिन नुसतं गरजलं आणि बंद पडलं. पुन्हा सुरू करून त्याने गाडी मागे घेतली, तर चाकं जागीच फिरली.

"परत मागे घे!" आर्लीन म्हणाली.

"नळ्या उचकटतील गं!"

तेवढ्यात वळणापलीकडून कोळशाच्या मालगाडीची शिट्टी ऐकू आली.

"ड्यूई, बाहेर पड!" आर्लीन ओरडली. "आई मागे आहे!"

दोन दारांच्या गाडीत मागून निघायचं तर आधी पुढची सीट वाकवावी लागते. आर्लीनने ती वाकवली. ओपलचा पाय खोक्यामागे अडकला होता.

"आई, ते खोकं सोडा!"

"अगं, सोडलंय! तेच मला सोडत नाहीये!"

पुन्हा शिट्टी वाजली. आता रूळही थरथरू लागले. ती थरथर गाडीच्या पत्र्यातून माझ्या बिडात पोहोचली. ड्यूई दुसऱ्या बाजूने आत शिरला. त्याने खोकं लाथेने ढकललं आणि आईला मागून उचललं. आर्लीनने तिला पुढून ओढलं. मग मला फक्त पावलं ऐकू आली, आणि त्यांवर मालगाडीच्या ब्रेकची लांबच लांब किंचाळी.

धडक बसली तेव्हा डिकी फाटली आणि मी खंदकात जाऊन पडलो. बोल्ट बसायचा माझा एक कान तुटला. भाऊ तर सापडलाच नाही. वर चढावावर तिघंही बसलेली होती. ओपलच्या एका पायात बूट नव्हता. तो पाय ड्यूईने दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

"बरण्या गेल्या," ओपल म्हणाली. "तुझ्या त्या नळ्याही गेल्या ना?"

"गेल्या, आई."

"मग फिट्टंफाट."

ड्यूईला मात्र हसता आलं नाही.

आता मी त्याच्या कामाच्या टेबलावर असतो. कुठल्याही इंजिनाला लागत नाही, म्हणून अंगावर गंज चढला आहे. शेजारपाजारची माणसं येतात आणि विचारतात, "ड्यूई, माझ्या गाडीला किती इंची नळी घालू?" तो ताबडतोब आकडा सांगत नाही. आधी विचारतो, "घरी कुठल्या रस्त्याने जातोस? आणि मागे कोण बसतं?"

मित्रांनो, माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे: माप घ्याल तेव्हा भरल्या गाडीचं घ्या.