सरूताईची खालची ओळ

मित्रांनो, मी म्हातारी शेळी आहे. मला नऊ वर्षं झाली. शेळीच्या जातीला नऊ वर्षं म्हणजे पुष्कळ झाली. माझे दात झिजले आहेत आणि बाभळीची एक शेंग आता मला बराच वेळ पुरते. रंगानं मी काळी आहे, फक्त कानांवर पांढरे ठिपके आहेत. माझं नाव काजळी. तुमच्यापैकी कुणी मला पाहिलंही असेल, कारण माझे फोटो पुष्कळ लोकांच्या फोनमध्ये गेले. त्यांतला एक फोटो खोटा आहे. तो खोटा कसा झाला, ते सांगते.

बेंबळीत तात्याराव आणि सरूबाई यांच्या गोठ्यात माझा जन्म झाला. आम्ही तिघी बहिणी एकाच वेळी जन्मलो. आईला सड दोनच. मी सगळ्यांत लहान, त्यामुळे माझी पाळी यायच्या आत दूध संपायचं. सरूबाईनं मला बाटलीनं दूध पाजलं. थंडीत जुन्या लुगड्यात गुंडाळून चुलीजवळ ठेवलं.

तात्याराव म्हणाले, "ही काय जगत न्हाय."

"तुमी गप बसा," सरूबाई म्हणाली. "तिला ऐकू जातंय."

मी जगले.

सरूबाई गावची पशुसखी होती. शेळ्यांना लस टोचायची, खुरं कापायची, कुणाची शेळी अडली की हातातलं काम टाकून जायची. तिची मुलगी क्षमा कळंबला नर्स आहे. ती एकदा सुट्टीला आली, तेव्हा आईला म्हणाली, "आई, तू दारोदार फिरून जे सांगतीस ते लिहून काढ. मी तुला ब्लॉग उघडून देते." त्याचं नाव ठेवलं 'सरूताईच्या शेळ्या'.

सरूबाई गोठ्यातच लिहायला बसायची. घमेलं पालथं घालायचं, त्यावर बसायचं, चष्मा लावायचा. प्रत्येक वाक्य आधी मोठ्यानं म्हणायची आणि मग फोनवर उमटवायची. म्हणून तिचं सगळं लिहिणं आम्हा शेळ्यांना पाठ आहे. कुणी कान हलवला की ती म्हणायची, "बघा, हिला पटलं."

तिचे दोन नियम होते. कुठलाही खुराक किंवा औषध आम्हाला दोन महिने देऊन पाहिल्याशिवाय त्यावर लिहायचं नाही, हा पहिला. दुसरा नियम खालच्या ओळीचा. प्रत्येक लेख संपला की खाली ती एक ओळ लिहायची. वस्तू कुणाकडून आली आणि ती देणारा आपला कोण, हे त्या ओळीत असायचं.

तिच्या भावाचं पेंडीचं दुकान होतं. तिथल्या सरकीच्या पेंडीवर तिनं लिहिलं आणि खाली ओळ टाकली, "दुकान माझ्या भावाचं आहे. भावाची पेंड मला गोडच लागणार. तुम्ही आधी दुसरीकडं बघून या."

तात्याराव चिडले. "भावाच्या दुकानावर धोंडा घालती का?"

"भाऊ माझा हाय. वाचणाऱ्यांचा न्हाय."

एका कंपनीनं तिला शेळ्यांसाठी चाटणाची वीट पाठवली. ती आम्ही आवडीनं चाटली. लेखाच्या खाली ओळ आली, "ही वीट फुकट मिळाली आहे. फुकटची वस्तू चांगलीच वाटते, एवढं ध्यानात ठेवा."

आणि एकदा तिनं माझ्यावरच लिहिलं. मी कशी वाढले, मला दर वेताला दोन करडं कशी होतात, मी किती शहाणी आहे. मी मान वर करून ऐकत होते. शेवटी ती म्हणाली, "खालची ओळ. काजळीला मी बाटलीनं दूध पाजलं आहे. ती माझं लेकरू आहे. म्हणून तिचं कौतुक पावशेर कमी धरा."

मला राग आला, मित्रांनो. सांगायचं ते सगळं सांगून झाल्यावर पावशेर कमी कशाला करायचं? त्या दिवशी मी तिच्या हातचा पाला खाल्ला नाही. ती हसली आणि तो पाला माझ्या बहिणीला घातला.

सात वर्षं ती अशी लिहीत राहिली. लोक लांबून विचारायचे. ताई, शेळी खात नाही. ताई, करडू उठत नाही. ती प्रत्येकाला उत्तर द्यायची आणि शेवटी लिहायची, "जय भीम. तुमची सरूताई."

गेल्या वर्षी पोळ्याच्या आधी एका सकाळी ती मला पाणी पाजत होती. बादली खाली ठेवून म्हणाली, "छातीत कसंतरी व्हायलंय." तिला गाडीत घालून धाराशिवला नेलं. ती परत आली नाही. माझी बादली दुपारपर्यंत तिथंच होती. त्यातलं पाणी मी प्याले नाही.

आठव्या दिवशी मला दोन करडं झाली. त्यांचा फोटो कुणी काढला नाही. आमची खुरं वाढली, पाण्याच्या कुंडाला शेवाळ धरलं. तात्याराव पाला टाकायचे, पण कुणाला किती मिळाला ते पाहायचे नाहीत. त्यांना दोष देत नाही. घरातलं माणूस गेलं की हात कामाला लागतात, पण लक्ष लागत नाही.

मग एक दिवस ते गोठ्यात आले. पालथ्या घमेल्यावर बसले. हातात सरूबाईचा फोन होता. कुणीतरी विचारलं होतं, "ताई, शेळीचं पोट फुगलंय, काय करू?" तात्यारावांना उत्तर माहीत होतं. ते तिच्यासारखंच आधी मोठ्यानं बोलले, मग एकेक अक्षर शोधून लिहिलं. शेवटी थांबले. नंतर हळूच म्हणाले, "तुमची सरूताई." आणि तेच लिहिलं.

त्या दिवसापासून ते रोज येऊ लागले. लोक ताईला विचारायचे आणि ताईच्या नावानं उत्तर जायचं. त्या लोकांसाठी सरूबाई जिवंत होती. दिवसातला तेवढा एक तास ती तात्यारावांसाठीही जिवंत होती.

क्षमा आली तेव्हा तिनं ते पाहिलं. "बाबा, लोकांना सांगून टाका. आई नाही म्हणून लिहा."

"लिवतो की."

"कधी?"

"ह्या आठवड्यात नगं."

असे पुष्कळ आठवडे गेले.

दिवाळीच्या सुमाराला शंभुलिंग नावाचा एक माणूस मोटारसायकलवर आला. तो शेळ्यांची पावडर विकणाऱ्या कंपनीचा होता. गावात शिरल्यावर त्याला सरूबाई गेल्याचं कळलं होतं. वाईट वाटलं म्हणाला. मग त्यानं गाडीवरून पावडरीचं पोतं उतरवलं. ही घातली की दर वेताला जुळी होतात, दुसरा खुराक लागत नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

"मामा, मावशींच्या ब्लॉगवर एक लेख टाका. कंपनी पैसे देईल."

"पैशाचं काय करू मी?" तात्याराव म्हणाले. "आन् आमच्यात आधी दोन महिने घालून बघायचं आसतं."

शंभुलिंगनं पोत्यावरची मोकळी जागा दाखवली. मग म्हणाला, "मावशींचा फोटो पोत्यावर छापू. गावोगावच्या दुकानात मावशी दिसतील."

तात्यारावांनी मान वर केली. घरात सरूबाईचा एकच फोटो होता, रेशनकार्डासाठी काढलेला, नखाएवढा.

"मोठा येईल का फोटो?"

"पोत्याएवढा, मामा. पण लेख मावशींच्याच नावानं पाहिजे. लोकांचा विश्वास त्यांच्यावर हाय."

तात्यारावांनी घरातून तो नखाएवढा फोटो आणून त्याच्या हातात दिला. मग म्हणाले, "छापा."

आता त्या फोटोचं सांगते. मला पोत्याजवळ उभं केलं. घमेल्यात पावडर ओतली. मी हुंगली आणि तोंड फिरवलं, कारण तिला भिजलेल्या चुन्यासारखा वास होता. शंभुलिंग म्हणाला, "वरून मूठभर मका टाका की, मामा." तात्यारावांनी मका टाकला. मला मका फार आवडतो. मी तोंड घातलं आणि तेवढ्यात फोटो निघाला. माझी दोन करडं शेजारी उभी होती. ती पावडर गावात यायच्या आधीच जन्मलेली. पण फोटो पाहणाऱ्याला वाटणार की काजळी पावडर खाते आणि म्हणून तिला जुळी झाली.

मी एक शब्दही बोलले नाही. तरी मी खोटं बोलले.

लेख शंभुलिंगनं लिहून आणला होता. तात्यारावांनी तो सरूबाईच्या नावानं टाकला. कंपनीचे पैसेही आले. त्याच्या खाली ओळ नव्हती.

पोतं छापून आलं. सरूबाई त्यावर हसत होती. तात्यारावांनी ते गोठ्याच्या दारात टांगलं आणि येताजाता ते त्याच्याकडे पाहायचे.

संक्रांत होऊन महिना झाला असेल. एका दुपारी एक म्हातारी बाई गोठ्याच्या दारात येऊन उभी राहिली. पाय धुळीनं भरलेले. भूम तालुक्यातल्या ईटहून एसटी बदलत बदलत आली होती.

"सरूताईचं घर हेच का? मी दगडाबाई. माझी नात मला त्यांचं वाचून दाखवती. सात वर्षं झाली."

तात्यारावांनी तिला पाणी दिलं. तिनं पाणी पिऊन तोंड पुसलं.

"ताईला बोलवा जरा. माझं काय चुकलं ते इचारायचंय."

"काय झालं?"

"ती पावडर आणली. ताईनी लिवलं व्हतं दुसरा खुराक लागत न्हाय, म्हणून पेंड बंद केली, भरडा बंद केला. गाभण शेळी माझी. वाळत गेली, वाळत गेली. दोन करडं झाली, दोन्ही मेलेली. शेळी बी तिसऱ्या दिवशी गेली. डाक्टर म्हणला, उपाशी मारली तिला. मापात चुकले का मी? का पाण्यातनं द्यायची व्हती? ताईचं चुकायचं न्हाय. माझंच काहीतरी चुकलंय."

तात्याराव खाली बसले. 

"ती न्हाय आता," ते म्हणाले. "पोळ्याच्या आधी गेली."

दगडाबाईनं बोटांवर महिने धरले. पोळा, दसरा, दिवाळी. मग तिनं त्यांच्याकडे पाहिलं.

"मंग ते लिवलं कुणी?"

"लिवून कंपनीनं दिलं. तिच्या नावानं टाकलं म्या."

ती माझ्याजवळ आली.  माझ्या पाठीवर हात फिरवला. तिचा हात खरखरीत होता, सरूबाईसारखाच.

"हिनं खाल्ली व्हती का पावडर?"

"न्हाय. वरून मका टाकला व्हता."

"नातीला मी म्हणलं व्हतं," दगडाबाई म्हणाली, "खालची वळ वाच. ती म्हणली, आजी, वळच न्हाय. मी म्हणलं, इसरली आसंल ताई. माणूस हाय."

तात्याराव उठले. माझ्या मोठ्या मुलीचं दावं सोडलं आणि दगडाबाईच्या हातात देऊ लागले. तिनं हात मागे घेतला.

"शेळी नगं मला. माझ्यासारख्या किती जणी आसतील, तुमी किती शेळ्या वाटाल? खरं काय ते लिवा." जाताना ती दारातल्या पोत्यासमोर थांबली. "चांगली बाई व्हती. तिच्या तोंडी तुमी भलतंच घातलं."

ती गेली. तात्यारावांनी पोतं उतरवलं. त्यावरून हात फिरवला, घडी केली आणि आत नेऊन ठेवलं. मग शंभुलिंगला फोन लावला आणि सांगितलं, "पोत्यावरचा फोटो काढून टाका तो." पलीकडचं काय ते मला ऐकू आलं नाही. तात्याराव म्हणाले, "छापून झाला आसंल तर आसू द्या. मी लिवतो, ती पोती तिची न्हाईत."

मग ते पालथ्या घमेल्यावर बसले आणि मोठ्यानं म्हणू लागले.

"सरूताई वारली. पोळ्याच्या आधी वारली. त्यानंतर तिच्या नावानं आलेलं सगळं मी टाकलं आहे. पावडरीचा लेख कंपनीनं लिहून दिला, त्याचे पैसे दिले आणि पोत्यावर तिचा फोटो छापला. मला फोटो हवा होता. काजळीनं ती पावडर कधीच खाल्ली नाही, फोटोत ती मका खाते आहे. ज्यांनी लेख वाचून पेंड बंद केली असेल, त्यांनी आजच चालू करा. ईटच्या एका बाईची शेळी गेली, ती माझ्यामुळं गेली. सरू असती तर तिनं तो पावडरीचा लेख टाकला नसता. ती फार खरी बाई होती. तिच्यासारखी मी पाहिली नाही."

ते थांबले. डोळे पुसले. आणि म्हणाले, "खालची ओळ. मी सरूचा नवरा आहे. तिच्याबद्दल मी जे लिहीन ते पावशेर कमी धरा."

त्या वेळी मला तिची ती जुनी ओळ कळली, मित्रांनो. जिच्यावर मी रुसले होते तीच. तिनं माझं कौतुक कमी केलं नव्हतं. आपण मला बाटलीनं दूध पाजलंय, हे तिला लपवायचं नव्हतं, एवढंच.

त्या लेखानंतर पुष्कळ लोक रागावले. तात्यारावांनी एकेकाचं बोलणं मोठ्यानं वाचलं, एकही गाळलं नाही. पुष्कळ जण ब्लॉग सोडून गेले. ते परत आले नाहीत. आता दिवसाला एखाददुसराच काही विचारतो. तात्याराव स्वतःच्या नावानं उत्तर देतात. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणतात.

पंधरा दिवसांनी ईटहून दोन ओळी आल्या. दगडाबाईच्या नातीनं लिहिल्या होत्या. "आजीला लेख वाचून दाखवला. आजी म्हणते, ताईच्या बाबतीत पावशेर नका कमी करू, छटाकभर केलं तरी चालेल."

छटाक हे पावशेराहून लहान माप, मित्रांनो. तात्यारावांनी त्या दोन ओळी तीनदा वाचल्या. मग फोन ठेवून ते सरूबाईची खुरं कापायची कात्री शोधून घेऊन आले आणि माझा पुढचा पाय मांडीवर घेतला.

माझे फार दिवस राहिले नाहीत. जाण्याआधी एवढंच मागते. कुणी एखाद्या वस्तूचं भरभरून कौतुक केलं, तर शेवटपर्यंत वाचा आणि लिहिणारा तिचा कोण लागतो ते शोधा. ते कुठंच सांगितलेलं नसेल, तर माणूस विसरला असेल असं म्हणून सोडून देऊ नका. विचारा. आणि उद्या तुम्ही स्वतः लिहायला बसलात, तर आपल्या माणसांवर पोटभर प्रेम करा, त्यांचं कौतुकही करा. फक्त खाली एक ओळ लिहायची जागा ठेवा. कारण लांब कुठंतरी एक म्हातारी तुमचं ऐकून आपल्या शेळीपुढची पेंड उचलत असते.