खालची ओळ

नागसेननं शिडीवर चढून फलकाची दोरी दातात धरली आणि जोरानं ओढली. गाठ काही सुटेना. शेजारच्या हिरालालनं बांधलेली, ती कसली सुटते! बोरगाव मेघेच्या अख्ख्या गल्लीला दिसेल असा फलक होता. वर ‘कर्नल नागसेन थूल यांचे हार्दिक अभिनंदन’, खाली ‘पलटणीचे नवे कमांडर’. रविवारी विहारात सत्कार होता.

“काऊन काढून राह्यला रे?” दारातून आई, कमलाबाई, ओरडल्या.

“खोटं आहे म्हणून.”

“कर्नल झाला नं तू?”

“झालो. पण पलटण नाई भेटली, माय.”

सुटीवर आल्यापासून हे तो चौथ्यांदा सांगत होता. निवड मंडळापुढे तीनदा त्याचं नाव गेलं, तीनदा परत आलं. बारा वर्षांपूर्वी एका साहेबानं गोपनीय अहवालात नऊच्या जागी आठ गुण लिहिले, तेवढ्यानं घात केला. त्याच्या हाताखाली शिकलेली पोरं आज आठआठशे जवानांच्या पलटणी सांभाळत होती. आणि याला काय, तर सव्वीस वर्षं नोकरी भरली म्हणून कर्नलचा हुद्दा! खांद्यावर एक तारा वाढला, टेबलावर फायली त्याच राहिल्या. डोकं नुसतं भणभणत होतं त्याचं.

“तारा हाये तं पलटण काऊन नाई?”

“फेटा मामाच्याही डोक्यावर राह्यते, माय. म्हणून तो नवरदेव होते का?”

“तुह्यं तुले माहीत बापा. मले पेढे सांगाचे हायेत,” म्हणत त्या आत गेल्या.

ओट्यावर बसून भैयाजी हे सगळं ऐकत होते. नागसेनचे वडील, तेही फौजेतलेच, हवालदार म्हणून निवृत्त होऊन घरी आलेले. ते उठले, आतून स्क्रू काढायचा पेचकस घेऊन आले आणि मुलासमोर धरला.

“शिडी लावलीच हाये तं माही पाटीही काढून टाक.”

दारावर पितळेची पाटी होती, ‘नायब सुभेदार भैयाजी थूल’. नागसेन नवा लेफ्टनंट झाला तेव्हा पहिल्याच सुटीत त्यानं ती करून आणली होती.

“ही काऊन, बाबा?”

“घरी येताना मानद हुद्दा देल्ला होता मले. कागदावर. त्या हुद्द्यानं एक परेड घेतली नाई मी. तू ‘मानद’ तेवढं गाळलं अन् लावून देल्ली.”

नागसेनचे कान तापले. पाटीवर जागा पुरत नाही, असं तेव्हा त्यानं सांगितलं होतं. जागा भरपूर होती. सोबतच्या अफसरांचे बाप मोठमोठे होते, एवढंच.

“पोस्टमन ती वाचते अन् मी खाली पाह्यतो. पंचवीस वर्षं झाले.”

“मंग तेव्हाच काऊन नाई सांगितलं?”

“हाच पेचकस घेऊन लय खुशीत होता तू.”

आतून कमलाबाईंनी हाक दिली, “दोन किलो पुरतीन का रे?”

नागसेननं शिडीवरूनच उत्तर दिलं.

“तीन सांग, माय.”

फलकाची खालची ओळ त्यानं मागे दुमडली आणि दोरी पुन्हा आवळली. मग शिडी उचलून दाराशी लावली, वर चढला आणि पाटीचा पहिला स्क्रू फिरवला.

“नवीवर काय लिहू, बाबा?”

“हवालदार,” भैयाजी म्हणाले, आणि त्यांनी शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली.