बोकडाचा वास

विजयश्रीने पुनावळ्यातल्या आपल्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोरच, चीजचे डबे कस्तुराच्या पिशवीत परत कोंबले. पुन्हा बोकडाचा वास मारतोय, अजून एकदा असं झालं तर दुसरीकडून माल घेईन, असं तोंडावर सांगितलं. त्या दुकानाच्या जिवावरच कस्तुराचा शेळ्यांचा धंदा उभा होता. मोशीपर्यंत स्कूटर चालवताना तिच्या डोक्याची शीर तडतडत होती.

दोष कुणाचा, हे ती जाणून होती. सकाळची धार ती काढायची, संध्याकाळची तिचा नवरा भिवा. नियम साधे होते. सुलतान बोकड पार कुंपणापाशी बांधायचा. त्याला हात लावला तर अंघोळ करून, कपडे बदलूनच शेळीखाली बसायचं. शेळीचं दूध तो वास लगेच धरतं, आणि सध्या तर सुलतान चांगलाच मस्तीवर आलेला. म्हणून दूध थंड करायच्या आधी हुंगून बघायचं, हे खास काम तिनं भिवाकडे दिलं होतं. थंड दुधात वास दबून राहतो, मुरलेल्या चीजमध्ये उघडा पडतो. भिवा रोज पातेल्यात नाक घालून म्हणायचा, झकास आहे. आणि कस्तुरा त्याच्या शब्दावर चीज लावायची!

घरी पोचली तर भिवा पडवीत पाला तोडत बसलेला, मागे गॅसवर दूध तापत ठेवलेलं. अंगात तोच सदरा, बाहीला बोकडाचे केस. कस्तुराने पिशवी त्याच्यासमोर आदळली आणि त्याला नको नको ते बोलली. निष्काळजी म्हणाली, ऐतखाऊ म्हणाली. कंपनी सुटल्यापासून घरात नुसता खांब होऊन बसलाय, असंही म्हणाली. भिवा पाला तोडत राहिला. ते बघून ती आणखीच पेटली आणि बोकडाला आणखी लांब बांधायला तरातरा निघाली.

कुंपणापाशीच तिला करपल्याचा वास आला.

ती धावत आली. दूध तळाला लागून काळं झालं होतं, आणि भिवा हातभर अंतरावर पाठमोरा निवांत बसला होता. तिनं गॅस बंद केला. मागं एकदा गॅस गळत होता तेव्हाही हा असाच बसला होता. उतरलेली मासळी मिटक्या मारत खाल्ली होती. ती प्रत्येक वेळी त्याच्यावरच खेकसली होती.

"तुमाला वास येतच न्हाई," ती म्हणाली.

भिवानं मान खाली घातली. "चाकणला, कंपनीच्या रंगखात्यातच गेला. तोंडाला नुसतं फडकं बांधून रंग मारायचो. तिथं जो बोलला, त्याला दुसऱ्या दिवशी आत घेत न्हवते."

"आणि हितं? हितं मी तुमाला गेटबाहेर काढणार होते व्हय?"

"दूध हुंगायचं काम तू माझ्यावर इस्वासानं टाकलंस," तो म्हणाला. "तेबी गेलं असतं."

कस्तुराला संताप आवरेना. त्याच्यावर, त्या कंपनीवर, स्वतःच्या जिभेवर. तिनं पातेलं मोरीत नेऊन तारेच्या घासणीनं खरवडायला घेतलं, हात दुखेपर्यंत खरवडलं. करपल्याचा वास घरभर भरला होता. तो तिला एकटीलाच येत होता.