जपानचा ट्रम्पेटवाला

उमेळे गावच्या सुधाकररावांच्या अंगणात मुलीच्या हळदीच्या सकाळी बँडपथक येऊन उभे राहिले, तेव्हा पथकाच्या अग्रभागी लालमुआना होता. तीन वर्षांपूर्वी मिझोरामातून विरारला आलेला हा तेवीस वर्षांचा तरुण ट्रम्पेट असे वाजवी, की ऐकणाऱ्याने हातातले काम खाली ठेवावे. परंतु आजवर त्याचे स्थान मोठ्या ढोलाच्या पाठीमागेच असे. "तो चिनी फोटोत नको हं," असे यजमान मंडळी म्हणत, आणि पथकाचे मालक स्टॅनीमास्तर, मनाने सज्जन असूनही, त्याला मुकाट्याने मागे सरकवीत.

आज तो पुढे होता, यास एक कारण होते. ते मास्तरांनी फाटकाशीच सांगितले होते.

"मुआना, रागावू नको. सुधाकररावांना काहीतरी स्पेशल पाहिजे होतं. मी बोलून गेलो, आमच्याकडे जपानचा ट्रम्पेटवाला आहे."

"जपानचा? मी?"

"एकच दिवस रे बाबा! तोंड उघडू नको. कोणी बोललं की कमरेत वाक आणि हस."

"मी वाकत बसलो तर वाजवणार कोण, मास्तर?"

"मस्करी नको. खरं कळलं तर तू पुन्हा ढोलामागे."

मुआनाच्या मनाला पुढे उभे राहण्याचा क्षणभर मोह पडला. तोच चेहरा चिनी ठरला की मागे ढकलला जातो, जपानी ठरला की पुढे ओढला जातो, आणि दोन्ही वेळा त्याला कोणी काही विचारीत नाही, याचे त्याला हसूही आले. मुक्ती फौज या ख्रिस्ती संस्थेच्या बँडमध्ये वडिलांच्या शेजारी उभा राहून तो श्वास धरायला शिकला होता. तो श्वास जपानचा कसा म्हणावा?

"मी स्वतःहून बोलणार नाही," तो म्हणाला. "पण कोणी गाव विचारलं, तर माझंच सांगणार."

न्हाणाचे पाणी आणावयास मिरवणूक वाजतगाजत विहिरीशी पोहोचली. तेथे बँड थांबतो आणि बायका गातात. गाण्यात आल्यागेल्याचे नाव आणि गाव गुंफतात. मामाचे, आत्याचे, वाजंत्र्याचेसुद्धा. आयुष्यभर ही गाणी ऐकलेल्या मास्तरांना नेमके हेच आठवले नव्हते.

सुधाकररावांच्या वृद्ध चुलती जयवंतीकाकी गाता गाता थांबल्या. "ए पुढच्या पोरा, नाव काय तुझं? गाव कुठलं?"

"काकी, त्याला मराठी येत नाही," सुधाकरराव म्हणाले. "जपान म्हण."

"जपान हे काय गाव झालं? गाव सांग रे."

मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

"लालमुआना. गाव सेरछिप, काकी. मिझोराममध्ये. आता विरारला राहतो."

"अगं बाई, हा तर आपल्यासारखा बोलतो!" नवरी ऋतिका हळदीच्या तोंडाने फिस्सकन हसली.

सुधाकररावांचा चेहरा लाल झाला. "फसवलंत, मास्तर! घ्या त्याला मागे. पाहुण्यांना काय सांगू, चिनी आणला म्हणून?"

मुआनाने ट्रम्पेट खाली केले. त्याचा आवाज मात्र खाली आला नाही.

"साहेब, खोटं बोललं गेलं, ते वाईट झालं. पण सकाळपासून तुम्ही व्हिडिओत घेताय तो मीच. चेहरा हाच. मी चिनी नाही, जपानी नाही. सेरछिपचा आहे आणि तुमच्याच देशातला आहे. आता ढोलामागून मी वाजवणार नाही. पुढे उभं करा, नाहीतर मी जातो."

मग स्टॅनीमास्तर आपले क्लॅरिनेट घेऊन निघाले आणि स्वतः ढोलामागे जाऊन उभे राहिले. "खोटं मी बोललो, साहेब. मागे मी थांबतो."

"सुधा," जयवंतीकाकी करवादल्या, "पानी भरायचं की भांडायचं? मी घालते त्याचं गाव." आणि त्यांनी सूर लावला. शेरछिप म्हणत का होईना, त्यांनी ते गाव मामाच्या आगाशी गावाला लागून बसवले. बायकांनी ओळ उचलून धरली.

सुधाकररावांनी इकडेतिकडे पाहिले. विहिरीभोवती सगळे गात होते. अखेर ते कॅमेरावाल्यावर खेकसले, "बघतोस काय? घे, पुढूनच घे!" आणि मुआनाकडे न पाहता पुटपुटले, "तुमच्याकडे लग्नात काय वाजवतात?"

"तेही वाजवीन," मुआना ओठ ओले करीत म्हणाला. "आधी काकींचं होऊ दे."