मागची सीट

काळूरामने महिनाभर दोन गाड्यांचा जो अभ्यास केला, तो दहावीला केला असता तर गुरुजींनीच पेढे वाटले असते. दोन्ही इलेक्ट्रिक, दोन्ही लहान पण उंच बांध्याच्या. लाल गाडी एका चार्जिंगमध्ये चारशे किलोमीटर जायची, पांढरी जेमतेम अडीचशे. खारबावच्या माणसाला रोज चारशे किलोमीटर जायचंय कुठे, असं बायकोने, कमळने, एकदा विचारलं होतं. त्याने ते कानाआड केलं.

खरी निकड आईची होती. जानकीबाईंची धाकटी बहीण सीताबाई गणेशपुरीला अंथरुणाला खिळली होती आणि दोन वर्षांत बहिणींची भेट नव्हती. जानकीबाईंच्या गुडघ्यांना एसटीची पायरी चढवत नव्हती, रिक्षात तासभर बसवत नव्हतं. म्हणून तर गाडी घ्यायची. शोरूमच्या लाल गाडीतून चाचणीची पहिली फेरी मारताना त्याने आईला मुद्दाम पुढे, आपल्या शेजारी बसवलं. ती म्हणाली, बरी हाय. झालं, काळूरामचं ठरलं.

बुकिंगच्या दिवशी दौलतकाका, म्हणजे जानकीबाईंचे थोरले दीर, सोबत आले. नातलगांकडे जायचं तर त्यांच्याशिवाय घरचं कुणी निघत नसे, गणेशपुरीलाही ते येणारच होते. शेवटची एक फेरी मारताना ते पुढे बसले आणि जानकीबाई पदर सावरत मुकाट्याने मागे गेल्या. थोरल्या दिराला मागे ठेवून पुढे बसायचं, हे त्यांना पंचेचाळीस वर्षांच्या संसारात सुचलंही नव्हतं.

कशेळीच्या ट्रकांनी भरलेल्या रस्त्यावर काळूरामने आरशात पाहिलं. लाल गाडीची बॅटरी तळाशी, त्यामुळे मागे पाय ठेवायची जागा उंच. आईचे गुडघे पोटाशी आले होते आणि तिने ओठ दातांखाली धरला होता. विचारलं तर पुन्हा बरीच हाय म्हणाली. लेकाचं मन ती कशी मोडणार? महिनाभर आकडे घोकले आणि आई बसणार कुठे तेवढं पाहिलं नाही, याची त्याला मनापासून लाज वाटली.

लाल परत करून तो तडक पांढरीच्या शोरूमला गेला. पुन्हा तोच रस्ता, तेच ट्रक. थोड्या वेळाने पाहतो तर आरशात आई दिसेना. घाबरून त्याने मान वळवली. पाय लांब सोडून, सीटवर घसरून जानकीबाई गाढ झोपल्या होत्या. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता, तोही थोरल्या दिरादेखत.

तिच्या शेजारी अंग चोरून बसलेला शोरूमचा माणूस वेळ संपल्याचं सांगू लागला, तसे दौलतकाका समोरच बघत हलकेच म्हणाले, "थांब जरा. काळूची आय झोपलेय."

काळूरामच्या छातीवरचा धोंडा उतरला. त्याने गाडी आणखी पुढे नेली. एका खड्ड्यात चाक गेलं आणि जानकीबाईंनी अर्धवट डोळे उघडले.

"सीताचं घर आलं का रं?"

"न्हाय आये. रविवारी जाऊ."

"मंग रविवारीच उठव," असं म्हणून त्यांनी डोळे मिटले.