मावशीची खोटी पोटदुखी

मी पोटदुखीची बाई. आरोग्य केंद्रात शिकाऊ डॉक्टरांपुढे खोटं खोटं कण्हायचं, हे माझं काम. आणि मी ते इतकं झकास करते की एकदा शिपाई रिक्षा आणायला धावला होता.

सरांची शिकवायची तऱ्हा साधी. पेशंटनं मनात एक धास्ती दडवायची. शिकाऊ डॉक्टरनं "आणखी काही?" एवढं विचारून तोंड मिटून बसायचं. बसला, तर मी म्हणायचं, "आई अशाच दुखण्यानं गेली हो." मध्येच बोलला, तर नापास.

माझी भाची नेमकी इथंच दोनदा आपटलेली. लहानपणापासून माझ्याकडे वाढली, मग जिभेला हाड असणार कुठून? आमच्या घरात कुणी गप्प बसलं की आम्ही कपाळाला हात लावून ताप बघतो. आता ही शेवटची संधी. पास झाली तर दूरच्या एका केंद्रावर नोकरी तयारच होती.

परीक्षेच्या दिवशी डोकेदुखीवाल्या काकांना खराखुरा ताप आला, आणि भाचीपुढे बसायची पाळी माझ्यावर. मी सरांना नातं सांगून टाकलं. त्यांनी हात जोडले. "दुसरं कुणी नाही हो मावशी, आज निभावून न्या." आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसले.

भाचीनं पोट दाबून पाहिलं, खाणंपिणं विचारलं. मग म्हणाली, "आणखी काही?"

आणि गप्प. अहो, चक्क गप्प. ओठ आत ओढलेले, गाल फुगलेले, डोळे माझ्यावर. मला असं हसू दाटून आलं की सांगता सोय नाही. आता माझं वाक्य म्हणायचं, की पोरगी सुटली. पण वाक्य आठवेल तर शपथ. तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं.

"तू गेलीस की मी बोलू कुणाशी गं?"

सरांनी हातातला कागद उलटसुलट केला. "हे यात नाहीये."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मेले, माझ्या तोंडानं पोरीचं वर्ष बुडवलं. भाची मात्र डगमगली नाही. खुर्ची पुढे ओढून तिनं माझा हात धरला आणि अगदी डॉक्टरणीच्या सुरात विचारलं, "हे कधीपासून होतंय?"

"तुझ्या नोकरीचं ठरलं तेव्हापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"तू थांबली असतीस म्हणून."

सर नाक पुसत म्हणाले, "पास." त्यावर आम्ही दोघी एकदम बोलायला लागलो, हसत, रडत, एकमेकींचं काहीएक न ऐकता.